तलुलाच्या घळीतील दहा दिवसांचे पाणी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात तलुला नावाची एक लहानशी नदी आहे. अटलांटाहून मोटारीने दीड-दोन तासांत तेथे पोहोचता येते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली आता त्या शहरात स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी कार्तिकाच्या सुमारास प्रवास आखला, तर एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळेल. आमचे जावई आम्हा उभयतांना तेथे घेऊन गेले तो नोव्हेंबरातील पहिला रविवार होता.

तलुलाची घळ सुमारे दोन मैल लांब आणि जवळजवळ हजार फूट खोल. एकामागून एक धबधबे घेत नदी तीतून उतरते. 1882 मध्ये रेल्वे आली आणि हे स्थान हवापालटाचे मोठे ठिकाण झाले. लोक त्यास दक्षिणेचा नायगारा म्हणू लागले. पुढे अटलांटाच्या ट्रामगाड्यांना वीज हवी होती. घळीच्या तोंडाशी धरण बांधावयाचे, पाणी डोंगरातून सव्वा मैलाच्या बोगद्याने न्यावयाचे आणि सुमारे सहाशे फूट खाली असलेल्या वीजगृहात सोडावयाचे, अशी योजना झाली. हेलन डॉर्च लाँगस्ट्रीट या सेनापतीच्या विधवेने तिच्याविरुद्ध चळवळ उभारली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत नेले. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. 1913 मध्ये धरण पुरे झाले व धबधब्यांचा आवाज थांबला.

हे वाचताना मुळशीची आठवण न होणे कठीण. तेथेही धरण विजेसाठीच होते आणि 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालेच. फरक असा की मुळशीत माणसांची शेते व घरे बुडाली, तलुलेत नदीच कोरडी पडली. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते आणि त्याच्यावरच आज कोलाडचे राफ्टिंग चालते. तलुलेचे पाणी मात्र घळ टाळूनच जाते. एरवी घळीत पस्तीस-चाळीस क्युसेकची धार तेवढी असते.

मग पाणी परत आले कसे? आयुष्यभर बँकेत कर्जप्रकरणे हाताळल्यामुळे मला हा भाग सर्वांत रसाळ वाटला. अमेरिकेत जलविद्युत प्रकल्पास ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो. 1986 च्या एका कायद्याने असे ठरविले की, परवाना देताना विजेइतकाच विचार मासे, वन्यजीव आणि लोकांच्या विहाराचाही करावा. तलुलाच्या परवान्याचे नूतनीकरण 1990 च्या दशकात आले, तेव्हा अमेरिकन व्हाइटवॉटर या नावाड्यांच्या संस्थेने आपली मागणी मांडली. नूतनीकरण ही केवळ शिक्का मारण्याची बाब नव्हे, अटी बदलण्याची तीच वेळ असते, हे आमच्या खात्यातील कोणीही सांगेल. नव्या परवान्यात अट आली : एप्रिलचे पहिले दोन आणि नोव्हेंबरचे पहिले तीन शनिवार-रविवार नावाड्यांसाठी पाणी सोडावयाचे. वर्षाचे एकूण दहा दिवस. शनिवारी 500 क्युसेक, रविवारी 700. याशिवाय केवळ दृश्यासाठी अधूनमधून कमी पाणी सोडतात, ते निराळे.

पावसाळ्यात कोयनेच्या विसर्गाचे हजारोंचे आकडे वाचणाऱ्या आपल्याला 700 क्युसेक किरकोळ वाटेल. परंतु अरुंद घळ, तीव्र उतार आणि मध्ये कातळ, यांत तेवढे पाणी माणसाला काडीसारखे फिरविते.

धरण-पाण्याच्या या दिवशी शेकडो पायऱ्या उतरून, खांद्यावर कयाक घेतलेली माणसे हरिकेन धबधब्याच्या पायथ्याशी जातात. एकटा माणूस बसेल एवढी ही होडी; कमरेभोवती रबरी पडदा ताणून बसवितात म्हणजे आत पाणी शिरत नाही. होडी उलटली तर बाहेर न पडता, डोके पाण्याखाली असतानाच, वल्ह्याचा आधार आणि कमरेचा झटका देऊन ती सुलटी करावयाची असते. हे अंगवळणी पडल्यावाचून येथे येण्यात अर्थ नाही. जलप्रवाहांचे सहा वर्ग मानतात. तलुलेचे टप्पे चौथ्या-पाचव्या वर्गात मोडतात आणि एकदा आत उतरल्यावर कडे चढून परत येणे फार अवघड.

ओशियाना येथे कातळावरून पाणी सुमारे पन्नास फूट घसरत जाते. आम्ही वरच्या कठड्यावरून पाहत होतो. एकेक जण काठाला लागे, खडकावर उभा राहून प्रवाह न्याहाळी. खाली सोबती फेकदोर घेऊन बसलेले. मग कोणी क्षणभर पांढऱ्या पाण्यात दिसेनासा होई आणि खाली डोके वर काढी. काहींनी मात्र होडी खांद्यावर घेतली आणि खडकांवरून चालत तो टप्पा ओलांडला. त्यांना कोणी हसले नाही, हे मला विशेष वाटले. आमचा सोळा वर्षांचा नातू तरणतलावात होडी सुलटी करावयास शिकतो आहे. त्याची आजी गप्प होती. चालत गेलेल्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘‘त्यांच्यासारखं जमणार असेल तर शिक, बाळा.’’ नातू हसला, उत्तर दिले नाही.

(याच घळीवरून 18 जुलै 1970 रोजी कार्ल वॉलेंडा या पासष्ट वर्षांच्या गृहस्थाने तारेवरून चालत, मध्ये दोनदा डोके खाली करून उभे राहून, पैलतीर गाठले होते. आमच्याकडे निवृत्तीचे वय साठ!)

ज्यांना पाहावयास जायचे आहे त्यांनी ध्यानात घ्यावे : पाणी सुटते त्या दिवशी प्रेक्षकांस घळीच्या तळाशी जाण्याचा परवाना मिळत नाही. तळापासून ऐंशी फुटांवर झुलता पूल आहे, तेथपर्यंत तीनशेहून अधिक पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या कठड्यांवरूनच पाहावे, ओशियाना तेथूनही दिसते. या पायवाटांना आता लाँगस्ट्रीटबाईंचेच नाव दिले आहे. त्या 1962 पर्यंत हयात होत्या. घळीत पुन्हा पाणी खेळलेले त्यांनी पाहिले नाही.

नावाडी शेवटी टुगालो सरोवरात उतरतात आणि संथ पाण्यात बराच वेळ वल्ही मारून काठ गाठतात. रविवारी धरणाची दारे मिटली की सोमवारी घळीत पुन्हा ती चाळीस क्युसेकची धार.