शाळेच्या छपराचे पाणी

तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन ही खानदेशच्या शेतकऱ्याची मिरास आहे. कापूस, केळी आणि पपई यांचे जे वैभव शहादे तालुक्यात दृष्टीस पडते, ते या मातीच्या पाणी धरून ठेवण्याच्या गुणावरच उभे आहे. परंतु शेतात जो गुण तोच इमारतीच्या पायाशी मोठा दोष ठरतो. वैशाखात हात शिरेल एवढ्या भेगा पडणारी ही माती आर्द्रा लागताच फुगते, फुगताना जोत्याला वर रेटते, आणि सुकू लागली म्हणजे त्याच जोत्याखालून अंग काढून घेते. वर्षानुवर्षे चाललेल्या या ओढाताणीचा लेखाजोखा भिंतींवर तिरप्या तड्यांच्या रूपाने उमटत राहतो. सातपुड्याच्या पायथ्यालगतच्या ब्राह्मणपुरी येथे अध्यापनाच्या निमित्ताने राहू लागल्यावर हा लेखाजोखा मी जवळून वाचला, आणि छपरावर पडलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ चिखलाचा उरला नाही.

आमच्या वर्गखोल्यांच्या छपराचे पाणी पन्हळातून उभ्या नळात आणि नळातून सरळ जोत्याच्या कडेला पडत असे. अंगणाचा काही भाग फरशीने झाकलेला, उरलेला पायांनी तुडवून कठीण झालेला. त्यामुळे पाच-दहा मिनिटांच्या जोरदार सरीनंतर पायऱ्यांपुढे तळे साचे, परिपाठ ओसरीत उरकावा लागे, आणि लहान वर्गांतील मुले चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेने वर्गात येत. दरवर्षी मृगापूर्वी मुरूम टाकावा आणि श्रावणापर्यंत तो मातीत गडप व्हावा, असा शिरस्ताच पडून गेला होता. चर खणून पाणी बाहेर काढले, तर ते गल्लीत उतरून समोरच्या घरांच्या उंबऱ्याशी जाई. एकाच्या दारचे संकट दुसऱ्याच्या दारी लोटणे याला जलनिःसारण म्हणणे मला कधीच पटले नाही.

शाळा व्यवस्थापन समितीपुढे हा विषय निघाला तेव्हा शोषखड्ड्याची सूचना येणे स्वाभाविक होते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हा मंत्र महाराष्ट्रात घरोघर पोहोचला आहे आणि त्याने पुष्कळ कल्याण केले आहे. मात्र जिरवण्यासाठी जमिनीची संमती लागते. शेजारच्या शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकांनी २००४ च्या सुमारास जे कार्य हाती घेतले, त्याचे मर्म नेमके येथेच आहे. तापीच्या गाळाच्या प्रदेशात चिकणमातीचे जाड थर पाण्याला खाली जाऊ देत नाहीत, हे ओळखून त्यांनी नाले रुंद आणि खोल केले, ठिकठिकाणी सिमेंटचे बंधारे बांधले आणि पाण्याला खालच्या थरांची वाट मोकळी करून दिली. ते काम नाल्यात शोभते. शाळेच्या जोत्यापासून चार हातांवर तसा खड्डा खणून फुगणाऱ्या मातीला पायाशीच पाणी पाजणे म्हणजे भिंतीच्या तड्यांना खतपाणी घालणे होय. हे मी सभेत सांगितले, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, “मग गुरुजी, बाहेरही काढायचं नाही आणि जिरवायचंही नाही, तर पाण्याचं करायचं काय?”

त्याचे उत्तर स्थापत्यशास्त्र शिकणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने सुचविले. पाण्याला काही काळ थोपवून धरायचे आणि मग हळूहळू, इमारतीपासून दूर, झाडांकडे सोडायचे. आणि हे थोपवणे जमिनीच्या वर, विटांच्या एका पेटीत करायचे. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात अशा पेट्या आणि पर्जन्योद्याने शाळांच्या आवारातही केलेली आहेत. तेथे पावसाचे पाणी आणि मैला एकाच गटारातून वाहत असल्याने अतिवृष्टीत ते गटार नदीत फुटे, म्हणून पाण्याची घाई कमी करणे हा त्यांचा हेतू होता. आमच्याकडे गटारच नाही. पण पाण्याची घाई आमच्याही मुळावर आलेली होती, आणि उपाय दोन्हीकडे लागू पडणारा होता.

पेटीचा तपशील थोडा सविस्तर सांगितला पाहिजे, कारण तिचे सारे यश तपशिलातच आहे. उभ्या नळाखाली तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे विटांचे बांधकाम करून आतून सिमेंटचा पक्का गिलावा दिला, तळाला काँक्रीट घालून त्यास भिंतीपासून दूर जाणारा उतार ठेवला. भरलेल्या पेटीचे वजन चार टनांहून अधिक होते, म्हणून तिचा पाया निराळा घेतला आणि शाळेच्या भिंतीला ती कोठेही टेकू दिली नाही. तळाशी छिद्रे पाडलेला नळ, त्यावर तीस सेंटिमीटर धुतलेली खडी, खडीवर बारीक जाळी, आणि जाळीवर चाळीस सेंटिमीटर माती. ही माती शेतातील काळी नव्हे, तर निम्म्याहून अधिक रेती, थोडी पोयट्याची माती आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण. निव्वळ काळी माती घातली असती तर तिने पाणी वरच तुंबवले असते. मातीच्या वर वीस सेंटिमीटर जागा मोकळी ठेवली आणि त्या पातळीवर रुंद नळाचा सांडवा काढला, जेणेकरून पावसाने मर्यादा ओलांडली तरी पाणी पेटीच्या काठावरून भिंतीकडे न वळता नळावाटे बाहेर पडावे. नळातून कोसळणारी धार माती उकरू नये म्हणून खाली दगडगोटे रचले. बांधकाम गावातल्याच गवंड्याने केले. रेती चाळणे, खडी धुणे ही कामे पालकांनी सुटीच्या दिवशी येऊन उरकली.

हे चालू असता सातवीच्या वर्गात गणिताचा जो तास झाला, तो माझ्या अध्यापनातील अत्यंत समाधानाच्या तासांपैकी एक होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते, एवढेच सूत्र फळ्यावर लिहून मी मुलांना पन्हळाला जोडलेल्या छपराचे माप घ्यावयास लावले. ते साठ चौरस मीटर भरले. पंचवीस मिलिमीटरची एक सर म्हणजे दीड हजार लिटर. हंगामात सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर बेचाळीस हजार लिटर! मग पेटीत किती राहील? वरच्या मोकळ्या जागेत सहाशे लिटर. खडीच्या घनफळापैकी साधारण चाळीस टक्के पोकळी धरता तीनशे साठ. मातीत आणखी दोनशेच्या वर काही. मिळून सुमारे बाराशे लिटर. म्हणजे वीस मिलिमीटरपर्यंतची सर पेटी एकटी पेलू शकते, आणि त्याहून मोठ्या पावसात तळाच्या नळातून पाणी झिरपत असल्याने सांडव्यावर येणारा भारही हलका होतो. घनफळ हा विषय ज्यांना रुक्ष वाटत होता, त्याच मुलांनी खडीने भरलेल्या डब्यात मापाने पाणी ओतून पोकळीचे प्रमाण स्वतः पडताळून पाहिले.

पहिली मोठी सर मधल्या सुटीत आली. सारी शाळा ओसरीत उभी राहून पेटीकडे पाहत होती. पाणी चढत सांडव्याजवळ पोहोचले, तेथे थबकले, पाऊस ओसरल्यावर उतरू लागले आणि तास संपण्यापूर्वी माती उघडी पडली. “गुरुजी, पानी कोठे गयं?” असे पहिलीतल्या एका मुलीने विचारले, तेव्हा मोठ्या मुलांनी तिला हाताला धरून कुंपणाकडे नेले. तेथे निंब आणि करंजाच्या आळ्यांत, इमारतीपासून दूर, नळाच्या तोंडातून करंगळीएवढी धार संथपणे पडत होती. तिथली काळी माती तिला सावकाश पिऊन घेत होती.

शंका घेणारे होतेच, आणि त्यांच्या शंका रास्त होत्या. डासांचे भय सर्वांत मोठे. डासाच्या अळीला पाण्यातून बाहेर पडण्यास साधारण आठवडा लागतो, आणि पेटीत पाणी काही तासांपलीकडे उघडे राहत नाही, हे समजावून सांगावे लागले. ‘झडीचं काय?’ असा प्रतिप्रश्न आला, तेव्हा झड लागलेली असताना दररोज पेटी पाहण्याचे काम मुलांकडे सोपविले. दुसरी शंका झाडांविषयी. चार महिने पाय पाण्यात आणि आठ महिने ऊन सोसणारी झाडे आणायची कोठून? कर्दळ आणि वाळा या दोहोंनी हा प्रश्न सोडविला. वाळ्याची मुळे माती मोकळी ठेवतात. कर्दळीला मात्र उन्हाळ्यात हातपाय धुण्याचे पाणी द्यावे लागते, आणि ते देण्याची पाळी वर्गवार लावलेली आहे. पन्हळातील पालापाचोळा काढणे आणि मातीवर साचलेला धुळीचा पापुद्रा वर्षातून एकदा खरवडणे, एवढी निगा चुकली तर पेटी तुंबेल, यात संदेह नाही. छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा मातीत अडकते. तथापि हे पाणी पिण्याचे नव्हे, हेही मुलांना बजावून सांगितले आहे.

शाळेच्या नव्या खोल्यांचे अंदाजपत्रक तयार होते तेव्हा त्यात दारे, खिडक्या, रंग यांच्या बाबी येतात. छपराचे पाणी कोठे जाईल याची तजवीज त्याच कागदावर का असू नये? नळाच्या खाली विटांची एक पेटी बांधण्याचा खर्च खोलीच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि तडे बुजविण्यासाठी पुनःपुन्हा मंजुरी मागण्यापेक्षा तो आधीच करणे शहाणपणाचे आहे. आमच्या उरलेल्या उभ्या नळांसाठी समितीने तशी दरखास्त केली आहे.

सभेत मला प्रश्न विचारणारे ते वृद्ध शेतकरी मध्यंतरी शाळेत आले. त्यांचे घर जुने, धाब्याचे. पन्हळाचे पाणी गल्लीत पडते आणि भिंतीचा खालचा थर दरवर्षी ओलावतो. “आबा, आधी धाबं मोजू,” असे मी म्हणालो, आणि सातवीची मुले फीत घेऊन त्यांच्याबरोबर गेली. भिंत मातीची असल्याने त्यांची पेटी शाळेपेक्षा लहान आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावी लागेल, आणि पन्हळाला पुढे नळ जोडून घ्यावा लागेल. गवंड्याला तसे सांगून ठेवले आहे.