धावपटूचा संयम

नव्या कराराचे अध्यापन करणाऱ्या माणसास मंडळ्यांच्या उन्हाळी युवक-शिबिरांची आमंत्रणे येतात, तेव्हा व्याख्यानाचा विषय बहुधा आधीच मुक्रर झालेला असतो: विजयी ख्रिस्ती जीवन. त्या विषयास आधार म्हणून करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायातील अखेरची चार वचने, ज्यांत प्रेषित पौल धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला देतो, ती फळ्यावर लिहून ठेवलेली असतात. वचनांची निवड योग्यच असते. परंतु त्यांच्या आधीची तेवीस वचने वाचल्यावाचून त्या चारांचा अर्थ हाती लागत नाही, असे माझे दीर्घ अध्यापनातून दृढ झालेले मत आहे.

ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलेले आणि ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या हुकुमाने पुन्हा वसविले गेलेले करिंथ शहर दोन समुद्रांमधील चिंचोळ्या संयोगभूमीच्या नाक्यावर होते, आणि त्याच संयोगभूमीवर, शहरापासून काही कोसांच्या अंतरावर, पोसिडॉन या समुद्रदेवतेच्या मंदिरालगत, दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत. पौल करिंथात दीड वर्ष राहिला. त्या वेळचा अखया प्रांताचा सुभेदार गल्लियो याच्या कारकिर्दीचा काळ डेल्फी येथील शिलालेखावरून ठरविता येतो, आणि त्यामुळे इ. स. ५१ च्या वसंतातील खेळांच्या वेळी पौल तेथेच होता असे मानण्यास सबळ आधार आहे. अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तो राहुट्या करण्याचा धंदा करीत असे. खेळांसाठी लोटणाऱ्या जनसमुदायास आश्रय देणाऱ्या राहुट्यांपैकी काही त्याच्याच हातच्या असतील, असा तर्क काही अभ्यासक करतात, आणि तो मला मनापासून पटतो. पुढे इफिसहून पत्र लिहिताना त्याने हा दृष्टान्त घेतला, तेव्हा कोल्हापूरच्या माणसास कुस्तीचा डाव जसा फोडून सांगावा लागत नाही, तसाच करिंथकरांस तो फोडून सांगावा लागला नाही.

इस्थमियास १९५२ पासून ऑस्कर ब्रोनीर यांनी जे उत्खनन केले, त्यात पौलाच्या कित्येक शतके आधीच्या क्रीडांगणाची आरंभरेषा उघडी पडली. दगडांची एक त्रिकोणी फरसबंदी, तिच्या टोकाशी सूत्रधाराने उभे राहावयाचा खड्डा, आणि त्या खड्ड्यापासून सोळा धावमार्गांकडे फाकत गेलेले, दोऱ्या ओढून घेण्यासाठी कोरलेले बारीक चर. सूत्रधाराने दोऱ्या सोडल्या की प्रत्येकापुढील आडवा दांडा खाली पडे, आणि तोपर्यंत कितीही चपळ गड्यास पाऊल पुढे टाकण्याची मुभा नसे. एवढ्या बंदोबस्ताने धावून जो मुगूट मिळे तो पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सेलरीच्या वाळक्या पाल्याचा. म्हणजे मस्तकावर चढतानाच सुकलेला.

आता आधीची तेवीस वचने. त्यांत पौल एक हक्क सिद्ध करतो: सुवार्ता सांगणाऱ्याचा चरितार्थ मंडळीने चालवावा. सैनिक, द्राक्षमळ्याचा धनी, मेंढपाळ, मंदिराचे सेवक असे एकामागून एक साक्षीदार उभे करून तो आपला दावा असा मजबूत करतो, की कोणत्याही दरबारात तो मंजूर व्हावा. आणि मग, सुवार्तेस अडथळा होऊ नये एवढ्याच कारणास्तव, तो दावा स्वतः होऊन सोडून देतो. धावपटूचा दाखला येतो तो या त्यागाच्या पाठोपाठ. धावपटू तयारीच्या काळात अन्न, मद्य, निद्रा यांबाबत जे सोडतो ते पाप नसते, ते इतरांस सर्वस्वी विहित असते. आणि पौल ज्या संयमाविषयी बोलतो तोही विहित गोष्टीवरील आपला हक्क दुसऱ्याच्या हितासाठी सोडण्याचा आहे. असा त्याग ऐन वेळी साधत नाही, म्हणून देहास नित्य ताब्यात ठेवण्याची त्यास गरज भासते. शिबिरांतून विजय म्हणजे परीक्षेतील यश, नोकरी आणि परदेशाचा परवाना असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा मला दुःख होते, कारण त्या तरुणांच्या ओंजळीत आपण तोच वाळका पाला देत असतो.

या अध्यायाचे चालते-बोलते भाष्य म्हणून मी एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूचे चरित्र शिकवितो. १९०२ मध्ये चीनमधील तिएनत्सिन येथे मिशनरी दांपत्याच्या पोटी जन्मलेल्या या तरुणाने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक शर्यत प्रभुवारी येते म्हणून ती सोडली, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु वेळापत्रक त्यास कित्येक महिने आधी ठाऊक झाले होते, आणि ते सर्व महिने त्याने चारशे मीटरच्या तयारीत वेचले, हे त्याच्या जीवनावरील चित्रपटाने झाकून टाकले. ११ जुलै रोजी सर्वांत बाहेरच्या मार्गावरून ४७.६ सेकंदांत तो जिंकला, आणि पुढल्याच वर्षी अध्यापनासाठी चीनला निघून गेला.

१९४३ मध्ये जपान्यांनी त्यास वेइशिएन येथील छावणीत स्थानबद्ध केले. तेथे आईवडिलांपासून तुटलेली कित्येक मुले होती; त्यांना तो शास्त्र शिकवी, त्यांचे खेळ घेई, मात्र प्रभुवारी नाही. एका प्रभुवारी मुलांनी पंचावाचून हॉकीचा सामना मांडला आणि त्याचे पर्यवसान मारामारीत झाले; त्यानंतरच्या प्रभुवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा राहिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, सुटकेच्या काही महिने आधी, मेंदूतील गाठीने त्याच छावणीत त्याचा अंत झाला.

यात विसंगती पाहणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. माझे उत्तर असे, की पॅरिसमध्ये त्याने आपल्या आवाक्यातील पदक सोडले, आणि वेइशिएनमध्ये, ज्या नियमावर त्याची जगभरची कीर्ती उभी होती तो नियमच मुलांसाठी सोडला. दोन्ही प्रसंगी जे गेले ते त्याचे स्वतःचे गेले. नियमशास्त्राधीनांसाठी आपण नियमशास्त्राधीन झालो आणि नियमशास्त्र नसलेल्यांसाठी त्यांच्यासारखे झालो, असे पौल शर्यतीच्या दाखल्याच्या लगेच आधी जे लिहितो, त्याचे याहून स्पष्ट विवरण मला कोणत्याही टीकाग्रंथात आढळले नाही. म्हणून चोविसावे वचन शिकविताना मी पॅरिसच्या शर्यतीपेक्षा त्या हॉकीच्या सामन्याविषयी अधिक वेळ बोलतो.