हिरवळ, हरळी वगैरे

लॉन लावायचं खूळ माझ्या डोक्यात नेमकं कधी शिरलं ते आता सांगता येणार नाही. बहुधा वर्क फ्रॉम होममुळे असावं. २०२० मध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन जरीपटक्याच्या घरी आलो तो आलोच. वरच्या खोलीतल्या टेबलावरून समोरचं अंगण दिसतं, वीस बाय सोळा. एका कडेला फरशी, तिथे शेजारच्या सिंधी काकू पापड वाळत घालतात. नळाजवळच्या कोपऱ्यात आईच्या दूर्वा. बाकी सगळी काळी माती, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हाताचं बोट जाईल एवढ्या भेगा. रोज कॉलवर बसून हे बघायचं. एखाद्याला खूळ लागणारच ना!

त्या दूर्वांवरून आमच्याकडे वर्षानुवर्षं भांडण होतं. बाबा काटोलकडचे, संत्र्याच्या बागेत वाढलेले. त्यांच्या लेखी दूर्वा वगैरे काही नाही, ती हरळी. एकदा बागेत शिरली की वर धावते, खाली उतरते, कांडीचा एक तुकडा राहिला तरी पुन्हा उगवते. आई मात्र गणपतीला २१ दूर्वांच्या जुड्या त्याच कोपऱ्यातून काढायची आणि अर्ध्या गल्लीला वाटायची. "एक दिवस उपटून फेकीन," बाबा म्हणायचे. "हात लावून तर बघा," आई म्हणायची. एवढंच. पंचवीस वर्षं हाच डायलॉग.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आई गेली. त्या एप्रिलमध्ये नागपुरात काय चाललं होतं ते इथल्या कोणाला सांगायला नको. असो.

तर लॉन. २०२४ च्या जूनमध्ये मी रीतसर अभ्यास केला, म्हणजे आपण करतो तसा, रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघून. कोरियन गवत दिसायला गुबगुबीत, पण वाढतं फार हळू. मग नर्सरीवाल्याने 'सिलेक्शन वन'चं कार्पेट सुचवलं. शेतात वाढवलेलं गवत मातीच्या पातळ थरासकट सोलून काढतात, दोन बाय दोनचे तुकडे. आमच्या अंगणाला ऐंशी तुकडे. आणायचे, अंथरायचे, झालं! प्लग अँड प्ले. (हा शब्द ऐकला की पुढे काय होतं ते आपल्या धंद्यातल्या लोकांना माहीत आहेच.)

खरं काम गवताचं नसतंच, खालच्या जमिनीचं असतं. माळी आला, सहा इंच खणलं, दगड-विटांचे तुकडे काढले, शेणखत आणि लाल माती मिसळली. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि मग सोडतच नाही, त्यामुळे उतार लागतो. दहा फुटांना दीड-दोन इंच, घराकडून गेटकडे. आणि जुनं तण मुळासकट काढायचं, नाहीतर ते कार्पेटमधून डोकं वर काढतं. माळ्याने नळाजवळच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "भाऊ, हे बी काढाचं का?" माझा कॉल चालू होता. मी म्यूट करून वरून ओरडलो, "सगळं काढा."

संध्याकाळी बाबा फिरून आले. कोपऱ्याकडे बघत उभे राहिले.

"काढलं का ते?"

"हो. हरळी होती ना."

"बरं," म्हणाले आणि आत गेले. पंचवीस वर्षं जे मागत होते ते मिळालं होतं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पहिला पाऊस होऊन गेला होता. गाडी शुक्रवारी संध्याकाळी आली आणि नेमका त्या रात्री आमचा रिलीज. म्हटलं, उद्या सकाळी आरामात अंथरू. रात्रभर तुकडे एकावर एक रचून ठेवले. पहाटे बाबांनी ढिगाच्या मधोमध हात घातला आणि मला उठवलं. "उकिरड्यासारखं तापलंय." गवत कापलं तरी श्वास घेत असतं, ढिगात ती उष्णता कोंडते आणि आतलं गवत अक्षरशः शिजतं. ऐंशीपैकी चौदा तुकडे पिवळे पडले. नियम साधा आहे: ज्या दिवशी आलं त्या दिवशी अंथरायचं. रिलीज पुढे ढकलता येतो, गवत नाही.

अंथरायचं विटांच्या भिंतीसारखं, सांधे एकासमोर एक येऊ द्यायचे नाहीत. कडा एकमेकींना भिडवायच्या, पण ताणायचं नाही, कारण सुकताना गवत आकसतं आणि फट पडते. दहा-बारा तुकडे झाले की लगेच पाणी, सगळं संपायची वाट बघायची नाही. मग वरून रोलर, म्हणजे मुळांचा आणि मातीचा नीट संबंध येतो. बाबांचं गुडघ्याचं दुखणं आहे, तरी ते खाली बसून सांधे दाबत होते. माझ्यापेक्षा सरळ ओळी त्यांच्या आल्या.

पुढचे दोन-तीन आठवडे त्यावर चालायचं नाही. काकूंचे पापड गेटच्या बाहेर गेले. "इतना लाड तो बच्चों का नहीं करते," असं त्या मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. रोज एखादा कोपरा हलकेच ओढून बघायचा, उचलला नाही की समजायचं मुळं उतरली. अकराव्या दिवशी ओढून बघितलं, हललं नाही. बिल्ड पास झाल्याचा आनंद! गेटजवळ मात्र माझा उतार चुकला होता, तिथे डबकं साचून सहा तुकडे कुजले. पहिली कापणी तीनेक इंच वाढल्यावर, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही.

७ सप्टेंबरला गणपती. आदल्या दिवशी बाबा पिशवी घेऊन निघाले. "कुठे?" "इंदोऱ्याला. दूर्वा आणतो." आमच्या घरात दूर्वा विकत आणायची ती पहिलीच वेळ. आणलेल्या जुड्या निम्म्या सुकलेल्या होत्या. बाबा त्या एकेक निवडत बसले आणि मी समोरच्या तीनशे वीस स्क्वेअर फूट हिरव्यागार गवताकडे बघत होतो.

ऑक्टोबरमध्ये नळाजवळ कार्पेटच्या सांध्यातून जाडसर कांड्या बाहेर आल्या. माळ्याला दाखवून म्हटलं, हे तण उपटा. तो हसायला लागला. "भाऊ, हे बी हरळी अन् ते बी हरळी. तुमचं कार्पेट जराशी शिकलेली हरळी हाय, एवढंच." मी रात्री शोधलं. बरोबर होतं त्याचं. दूर्वा म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि 'सिलेक्शन वन' हे त्याच सायनोडॉनमधून निवडलेलं बारीक पानाचं गवत. अमेरिकेत ह्यालाच बर्म्युडा म्हणतात आणि गोल्फ कोर्सवर लावतात. म्हणजे मी आईच्या हातची हरळी खणून फेकली आणि पैसे मोजून हरळीच आणली. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं." मग बोलला का नाहीत, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२०२५ च्या मे महिन्यात, नवतपा लागल्यावर, पाण्याचा हिशेब करायची वेळ आली. लॉनला रोज थोडंथोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी एकदा खोल भिजवणं बरं, तेही पहाटे. थोडं पाणी दिलं की मुळं वरच राहतात आणि करपतात. तरीही घरात कूलरला पाणी, माणसांना पाणी आणि ह्या हौसेला पाणी, हे मला पटेना. अर्ध्या भागाचं बंद केलं. तो भाग तपकिरी झाला. जुलैमध्ये पावसाने परत हिरवा केला, शेवटी हरळीच ती.

नळाजवळच्या कोपऱ्यात मात्र पाईप रोज पडत होता. पहाटे साडेपाचला बाबा उठायचे आणि मी झोपलोय असं समजायचे. माळ्याला त्यांनी परस्पर सांगून ठेवलं होतं की मशीन तिथे घालायचं नाही. दूर्वा काढायच्या तर पातं लांब वाढू द्यावं लागतं. यंदाच्या गणपतीला २१ जुड्या घरच्याच झाल्या, चार शेजारी गेल्या.

आता आमच्या गुळगुळीत लॉनच्या एका टोकाला तीन बाय तीनचा झिपरा चौकोन आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो. बाबा सांगतात, मशीनचं पातं गेलंय.