चौथ्या वर्षीचा पाहुणा

मी प्रोग्रॅमर आहे असे सांगितले, की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात : पगार किती, आणि अमेरिकेला केव्हा जाणार? पहिल्याचे उत्तर मी कधी दिले नाही. दुसऱ्याचे देण्याची पाळी कधी आली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी अवतरले आणि तिसऱ्या प्रश्नाची भर पडली. आमचे मेहुणे दर भाऊबीजेला विचारतात, "काय भावोजी, तुमचे काम म्हणे आता यंत्रच करणार?" मी हसून चकलीचा तुकडा मोडतो. पण खरे सांगू? पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा प्रश्न पचायला चकलीपेक्षा जड जातो.

माझ्या नोकरीची सुरुवातच मुळी दुसऱ्यांच्या चुका निस्तरण्यात झाली. ते साल १९९८. कोबोल भाषेतले जुने प्रोग्रॅम आमच्यापुढे येत. यंत्रातली जागा महाग होती त्या काळी लिहिणारे सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवीत; म्हणजे २००० साल उजाडले, की यंत्राला ते १९०० वाटणार! दोनाचे चार आकडे करण्यात आम्ही रात्री जागवल्या. त्या अनामिक पूर्वजांना मी किती हसलो म्हणता! देव असल्या हसण्याची नोंद ठेवीत असावा.

२९ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. हिंजवडीच्या गर्दीतून वाट काढीत कचेरीत पोचतो, तो सारा मजला उभा! विमा पॉलिसींचे नूतनीकरण करणारा आमचा प्रोग्रॅम पहाटेच बंद पडला होता. कारण अगदी साधे. पुढची तारीख काढताना दिवस आणि महिना तसाच ठेवून सालात एक मिळवलेला. म्हणजे २९ फेब्रुवारी २०२५. आणि असा दिवस तर कॅलेंडरातच नाही!

कोणती ओळ कुणी लिहिली, याची वही आमच्याकडे असते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले 'गिट' ती वही. तिच्यात एक आज्ञा आहे, 'ब्लेम', म्हणजे दोष! साहेबांनी ती दिली आणि पडद्यावर नाव उमटले, ते आमच्या गटातल्या सर्वांत नव्या मुलीचे. लातूरकडची पोर, नोकरी कायम व्हायला महिना उरलेला. "सर, मी फक्त..." एवढेच तिच्या तोंडून निघाले.

मला उमगले. डिसेंबरात तिने त्या फाइलीतले समास सारखे केले होते. अक्षर एकही बदलले नव्हते. पण 'ब्लेम' शेवटी हात लावणाऱ्याचे नाव सांगते. त्या आज्ञेला 'डब्ल्यू' जोडला, की मोकळ्या जागांचे फेरफार वगळून मूळ लिहिणारा सापडतो. साहेबांना हे ठाऊक नव्हते, मला होते. आणि मूळ लिहिणारा कोण, हेही मला ठाऊक होते. ती ओळ मीच लिहिली होती.

मार्च तोंडावर आला होता. म्हणजे बढत्यांचे दिवस. आदल्या वर्षी माझ्या वयाच्या दोघांना नारळ मिळाला होता. घराचे हप्ते आठ वर्षे बाकी, मुलगा इंजिनिअरिंगला. गप्प बसायला मला काहीच करावे लागणार नव्हते. मी चहा आणायला गेलो. होय, चहा आणायला! यंत्राखाली पेला धरून उभा राहिलो तो इतका, की चहा उतू जाऊन हात पोळला.

आणि एकाएकी आजी आठवली. धोंड्याचा महिना केव्हा येणार, हे ती पंचांग न उघडता सांगे. जावयांच्या तेहेतीस अनारशांसाठी तिचे तांदूळ आधीच भिजत पडलेले असत. एका वर्षी अनारसे तुपात हसले. पीठ आईने मळलेले. सारे तिच्याकडे पाहू लागले. आजी कढईवरून म्हणाली, "गूळ मी घातला होता. जास्त झाला."

मी परत आलो, आज्ञेपुढे 'डब्ल्यू' टाइप केला आणि म्हटले, "साहेब, ओळ माझी आहे."

दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. त्या वर्षी बढती मिळाली नाही. नारळही मिळाला नाही. पोर कायम झाली. पुढे तिने त्या प्रोग्रॅमला परीक्षा लावून दिल्या : २०२८ ची २९ फेब्रुवारी असते, २१०० ची नसते. शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही, अशा साली हा पाहुणा येत नाही. मी म्हटले, "अग, २१०० पर्यंत हा प्रोग्रॅम टिकतो कशाला?"

"सर, कोबोलवाल्यांनाही असेच वाटले असेल!"

यंदा भाऊबीजेला मेहुण्यांना सांगणार आहे : लिहू दे की यंत्राला. माझ्यापेक्षा भराभर लिहील ते. अनारसे हसले आणि गूळ कुणी घातला असे विचारायची वेळ आली, म्हणजे मात्र मला हाक मारा.