रात्री दहाचा सूर्यास्त



गेले दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरलेला आहे. ताटं त्याच्या कडेकडेने मांडावी लागतात. लेक-जावई लेस्टरला असतात. यंदा त्यांनी ठरवलंय की आई-बाबांनी नुसतं तिकडे येऊन सोफ्यावर बसायचं नाही, गाडीने फिरायचं. गाडी त्यांची, चालवणार तेच दोघं आळीपाळीने. इंग्लंडच्या हार्विच बंदरातून रात्रीच्या फेरीबोटीत गाडी घालायची, सकाळी हॉलंडला उतरायचं. मग बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन. तिथून बोटीने फिनलंड, पुन्हा बोटीने एस्टोनिया, आणि लाटव्हिया, लिथुआनिया, पोलंड करत माघारी. साडेपाच आठवडे.

तारखा मात्र मी ठरवल्या. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे चातुर्मास जुलैच्या अगदी अखेरीस बसतोय. चातुर्मासात मी गाव सोडत नाही. एरवी जूनअखेर परतायची घाई झाली असती, यंदा जवळजवळ महिना मोकळा मिळाला. जूनच्या सुरुवातीला निघायचं आणि वीस जुलैला सांगलीत हजर.

पहिला अडसर व्हिसाचा. इंग्लंडचा वेगळा, बाकी सगळ्या देशांचा मिळून शेंगेन एक. शेंगेनचा अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे करायचा असतो, म्हणून आधी रात्री मोजल्या. स्वीडनच्या सर्वांत जास्त निघाल्या. अर्ज इथूनच करून जायचा, तिकडे जाऊन बघू म्हणून चालत नाही. शिवाय तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. हे सगळं आमच्या ह्यांनी एका फाइलमध्ये इतकं नीट लावलंय की लेकीच्या लग्नाचा हिशेबसुद्धा इतका नीट नव्हता.

दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्या कामाची. ब्रिटनमधून युरोपीय संघात शिरताना दूध आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे तुपाचा डबा नाही, पनीर नाही. माझा जीव आधी तुपावरच अडकला. मग ठरलं की हॉलंडला उतरल्यावर मीठ नसलेलं लोणी घ्यायचं आणि मुक्कामी कढवायचं. कोरडा शिधा इथूनच: मेतकूट, लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, उपम्याचा भाजलेला रवा, मूगडाळ-तांदळाची खिचडी मापून पिशव्यांत. मुक्काम शक्यतो स्वयंपाकघर असलेल्या घरांत. तिथल्या भांड्यांत काय शिजलं असेल सांगता येत नाही, म्हणून आपला कुकर, एक कढई, उलथनं आणि पाणी गाळायचं फडकं. एक सांगते, तिकडे बऱ्याच ठिकाणी इंडक्शनची शेगडी असते. त्यावर आपला साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. मी तीन लिटरचा स्टीलचा नवा घेतला.

बोटीचं एक वेगळंच शास्त्र आहे. गाडी खालच्या मजल्यावर लावायची आणि वर जायचं. बोट चालू असताना खाली येऊ देत नाहीत. डिकीतला डबा आठवला तरी उपयोग नाही. म्हणून प्रत्येक बोटीसाठी एक हातपिशवी वेगळी: पाणी, डबा, औषधं, शाल, जपमाळ. जर्मनीच्या पुटगार्डेनहून डेन्मार्कच्या रॉडबीला जायला पाऊण तास लागतो, तिथे एक बाटली पाणी पुरे. त्याच समुद्राखालून आता अठरा किलोमीटरचा बोगदा होतोय, तो झाला की ही बोट कोण घेईल कुणास ठाऊक. डेन्मार्क-स्वीडनमध्ये तर बोटीची गरजच नाही, कोपनहेगन ते माल्मो सोळा किलोमीटरचा रस्ता आहे, थोडा बोगदा, मध्ये मुद्दाम केलेलं बेट आणि मग पूल. खरी लांबची बोट स्टॉकहोमहून फिनलंडच्या तुर्कूची, रात्रभराची.

आणि तिथेच माझं घोडं अडलं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींचा रात्रीभोजनाचा त्याग आहे. माझा एकोणीस वर्षं आहे. इथे सांगलीत हिशेब सोपा असतो. जूनमध्ये सूर्य सात-सव्वासातला मावळतो, त्याआधी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, हात धुऊन मोकळं व्हायचं. पण लेस्टरला जूनमध्ये सूर्यास्त साडेनऊला. स्टॉकहोमला दहा वाजून गेल्यावर. हेलसिंकीला पावणेअकराच्या पुढे. आणि लेकीच्या पहिल्या आराखड्यात तर नॉर्वेच्या टोकाचं नॉर्डकाप होतं. तिथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. ती म्हणाली, "आई, तुझ्यासाठी तर उत्तमच! रात्रच नाही, केव्हाही खा."

जावईबापू हसले, हे हसले, मीही हसले. रात्री मात्र झोप लागेना. नियमाच्या अक्षराने बघितलं तर लेकीचं खरं आहे. सूर्य आहे, उजेड आहे, दिव्यावर येणारे जीव नाहीत. पण मग ह्याच अक्षराने डिसेंबरात तिथल्या माणसाने काय करावं? तेव्हा तिथे दोन महिने सूर्य उगवतच नाही. दोन महिने उपास करायचा? तिथे कुणी जैन कुटुंब राहत असेल तर त्यांना हा प्रश्न दर वर्षी पडत असणार.

आमच्या गावात तेव्हा एक माताजी आल्या होत्या. दर्शनाला गेले तेव्हा धीर करून विचारलं. मला वाटलं, ग्रंथातलं काही सांगतील. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुम्हाला भूक किती वाजता लागते?" मी म्हटलं, सहा-साडेसहाला. त्या एवढंच म्हणाल्या, "मग दहा वाजता कुणाला खायचंय?"

माझ्यापुरतं तरी मला उत्तर मिळालं. संध्याकाळी सातनंतर तोंडात काही नाही, सूर्य डोक्यावर असो की क्षितिजावर. तसंच पहाटे चारला उजाडलं म्हणून चारला चहा नाही. तुर्कूची बोट संध्याकाळी आठच्या सुमारास सुटते. तेव्हा रांगेत लागायच्या आधीच, सहाला, गाडीत डबा उघडायचा. वर बोटीवर मोठं पंगतीसारखं जेवण असतं म्हणे. बाकीच्यांनी बघून यावं. फिनलंडचं घड्याळ स्वीडनपेक्षा एक तास पुढे आहे, त्यामुळे "सात कुठले?" हाही वाद झाला. निकाल असा: ज्या बंदरातून चढलो तिथले सात. प्रत्येकीने असंच करावं असं मी म्हणत नाही. आपापल्या गुरूंना विचारावं.

नॉर्डकाप मात्र मी काढायला लावलं, आणि ते जेवणासाठी नव्हे. एका बाजूनेच हजार किलोमीटरहून बरंच जास्त अंतर वाढत होतं. उन्हाळ्यात भरधाव गाडीच्या काचेवर किती किडे चिरडतात ते आपण सगळ्याच बघतो. साधू-साध्वी पुढची चार हात जमीन बघत पायी विहार करतात, आपण गाडीत बसतो. ते आपल्याला टळत नाही, पण कमी करता येतं. म्हणून दिवसाला तीनशे किलोमीटरच्या वर नाही आणि सातनंतर चाक फिरणार नाही, हे दोन नियम जावईबापूंनी आनंदाने मान्य केले. त्यांनाही विश्रांती हवीच होती. एकोणीस जूनला स्वीडनमध्ये मिडसमरचा मोठा सण आहे, दुकानं बंद आणि रस्ते भरलेले. ते तीन दिवस एकाच गावात मुक्काम, खिचडी आणि स्वाध्याय.

या सगळ्यात आक्का, माझ्या सासूबाई, रोज संध्याकाळी नकाशाजवळ येऊन बसतात. वय ब्याऐंशी. त्या येणार नाहीत. तीस वर्षांपूर्वी त्यांनी दिग्व्रत घेतलं: पूर्वेला सम्मेदशिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. त्यापलीकडे जन्मभर पाऊल नाही. लेक फोनवर "आई, अजून एक देश वाढवूया का?" म्हणाली की आक्का लगेच म्हणतात, "झाली हिची क्षेत्रवृद्धी सुरू." तो दिग्व्रताचा अतिचार आहे, ठरवलेली सीमा सोयीने वाढवणं. लेकीला शब्द कळत नाही, पण बोलणी बसली हे कळतं.

परवा आक्कांनी मला विचारलं, "तू कधी घेणार?" मी ते मनात बरीच वर्षं बाळगून आहे. पण व्रत घ्यायचं तर सीमेत लेस्टर हवं, कारण लेक तिथे आहे, तिचं बाळंतपण उद्या तिथेच व्हायचं. लेस्टरच्या जैन सेंटरमध्ये दिगंबर मंदिरही आहे, जुन्या चर्चच्या इमारतीत, त्याचं दर्शन घ्यायचंय. अँटवर्पच्या विल्रैक भागात पालनपूरच्या हिरे व्यापाऱ्यांनी देरासर उभं केलंय, तेही वाटेवर आहे. म्हणजे पश्चिमेला लेस्टर. उत्तरेला काय लिहू, हे ठरत नाही. हेलसिंकी लिहिलं तर उद्या लेक-जावई आणखी वर राहायला गेले तर?

आक्का म्हणाल्या, "आधी जाऊन ये. परत आल्यावर लिही. न बघता आखलेली रेघ पाळायला सोपी जाते."

मी त्यांच्यासाठी नकाशाची एक प्रत मोठ्या अक्षरांत काढून आणलीय. रोज मी मुक्कामाचं गाव फोनवर सांगायचं आणि त्यांनी लाल पेन्सिलीने खूण करायची, असं ठरलंय. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख पुढच्या मंगळवारची मिळालीय. स्टीलच्या कुकरची शिट्टी थोडी सैल वाटते, तो बदलून आणायचाय.