घाण्याच्या बैलाची सुटी

रायगड जिल्ह्यातल्या जुन्या माणसांकडून 'शनिवार तेली' हे नाव अजून ऐकायला मिळतं. तेलाचा घाणा चालवायचा, पण शनिवारी त्याला हात लावायचा नाही, असे हे लोक. म्हणजे आपले बेने इस्रायल. नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावावरून आडनावं लावणारे, घरात मराठी बोलणारे ज्यू. हल्लीच्या बातम्यांमुळे दोह्यात ज्यू हा शब्द उच्चारला की माणसं आवाज खाली आणतात. म्हणून आधीच सांगते, हा लेख कुठल्याही सरकारबद्दल नाही. अलिबागच्या तेल्यांबद्दल आहे.

गेल्या सुटीत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरलो आणि आधी नवगाव गाठलं. फार फार पूर्वी इथल्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बाकीच्यांना इथेच पुरलं, अशी या समाजाची आठवण आहे. जुन्या दफनभूमीत स्मारक उभं आहे. शेजारी माड आणि समुद्राचा वारा. धर्मग्रंथ जहाजाबरोबर बुडाले, हिब्रू भाषाही हळूहळू विसरली. उरलं काय? शनिवार, मुलग्यांची सुंता, 'शेमा' ही एक प्रार्थना आणि स्वयंपाकघरातले काही नियम.

पुढे कधीतरी डेव्हिड रहाबी नावाचे गृहस्थ आले. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे पाहायला त्यांनी बायकांपुढे सगळ्या जातींची मासळी ठेवून रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे उचलले. रहाबींची खात्री पटली. ही कथा मला फार आवडते, कारण परीक्षा पुरुषांच्या पाठांतराची झाली नाही, बायकांच्या विळीवर झाली. अलिबागला राहून पिढ्यान्‌पिढ्या कोलंबी न खाणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्यांच्या सणांची जुनी नावंही ऐकण्यासारखी आहेत. खिरीचा सण, दार बंद करून पाळायचा दरफाळणीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा दिवस वालाच्या बिरड्यावरून ओळखला जाई. पुढे हिब्रू परत आली, पण मराठी गेली नाही. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हागादात, म्हणजे मिसरातून सुटकेची गोष्ट सांगणाऱ्या सणाच्या पोथीत, हिब्रूशेजारी मराठी आहे, आणि चित्रातल्या बायका साडी नेसून जमिनीवर बसून बिनखमिराच्या पोळ्या करताहेत. 1880 च्या सुमारास तर अब्राहम, योसेफ, मोशे यांच्यावर मराठी कीर्तनं सुरू झाली.

अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला (लोणावळ्याजवळचं नव्हे) एलियाहू हन्नबीचा टापा आहे. संदेष्टा एलियाहू इथे प्रकटला आणि इथूनच स्वर्गात गेला, त्याच्या घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा कातळावर आहेत, अशी श्रद्धा. लग्नाआधी, दुखण्यातून उठल्यावर, नवस फेडायला त्याच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. म्हणजे आपल्याच घरातल्या डब्यांतल्या वस्तू. दोह्यात ऑफिसात एका इलियास नावाच्या सहकाऱ्याला या कातळाचा फोटो दाखवला, तर तो म्हणाला, "हा तर माझाच नबी!" कुराणात त्याचं नाव इलियास. मूसा, इब्राहीम, यूसुफ हेही असेच दोन्हीकडचे.

ही ओळख कधीकधी जीव वाचवते. सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. हे बनी इस्राईल आहेत, ज्यांचा उल्लेख कुराणात आहे, असं कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली, असं सांगतात. सुटून आल्यावर दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत मांडवीला प्रार्थनालय बांधलं. नाव 'शाआर हारहमीम', दयेचं दार. लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले आणि शेजारच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं बरेच जण मानतात.

पण दोह्यात परतल्यावर डोक्यात राहिला तो घाणा. तोरात शब्बाथची आज्ञा दोनदा आली आहे आणि दोन्हीकडे कारण वेगळं आहे. निर्गमात म्हटलंय, देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात म्हटलंय, तुम्ही मिसरात गुलाम होतात हे विसरू नका. आणि सुटी केवळ घरधन्याला नाही. चाकराला, मोलकरणीला, दाराशी राहणाऱ्या परक्याला, बैलाला आणि गाढवालासुद्धा. शनिवार तेल्यांचा बैलही त्या दिवशी सुटलेला असणार.

कतारमध्ये दहातले जवळजवळ नऊ जण परदेशी. आपणही त्यातलेच. 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी साडेतीन, उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. 2017 च्या 15 क्रमांकाच्या कायद्याने घरकामाच्या माणसांना आठवड्याला एक भरपगारी सुटी दिली. कायदा आहे, हे चांगलंच. पण आपल्या शुक्रवारच्या जेवणावळी आठवून पाहा. वीस पानं उठतात, पुरणपोळीचं कौतुक होतं, आणि ओट्याशी भांडी घासत कोण उभी असते? तिचाही शुक्रवार असतो. आमच्या घरी आता शुक्रवारी पाहुणे आले तर भांडी पुरुषमंडळी घासतात. कुरकुर होते. होऊ दे.

या लोकांपैकी बहुतेक जण 1948 नंतर इस्रायलला गेले. तिथे पुन्हा त्यांना विचारलं गेलं, तुम्ही पुरते ज्यू आहात ना? त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं आणि 1964 मध्ये मान्यता मिळाली. तिथून ते 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढतात. महाराष्ट्रात उरलेल्यांना 2016 मध्ये राज्याने अल्पसंख्याक दर्जा दिला.

पुढच्या सुटीत अलिबागला गेलात तर किनारा झाल्यावर इस्रायल आळी विचारा. मागेन आबोथ प्रार्थनालय तिथेच आहे. शनिवारी गेलात तर फोन खिशात ठेवा आणि फोटो दुसऱ्या दिवशी काढा. खंडाळ्याच्या टाप्याला सकाळी लवकर जावं, कातळ तापायच्या आत.