कसणाऱ्याचा रकाना

आमचा सातबारा नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात आणि बिऱ्हाड सिकंदराबादेत. वडिलांमागे दोन हेक्टर जमीन भावाच्या आणि माझ्या नावावर सामायिक आहे. ती कसतात गावातले मामा. नात्याचे नव्हेत, पण लहानपणापासून आम्ही त्यांना मामाच म्हणतो. शेत ठोक्यानं दिलंय. मृगाआधी ते ठरलेली रक्कम आमच्या हातावर ठेवतात. पुढे बी, खत, फवारणी, मजुरी सगळं त्यांच्या अंगावर.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि गोदावरीचं पाणी शिवारात शिरलं. देवगिरी एक्सप्रेसनं मी गावी गेले तोवर ते ओसरलं होतं. सोयाबीन उभं होतं, पण काळं पडलेलं. मामांनी एक शेंग चिमटीत दाबली. आत दाण्याला कोंब फुटला होता. "काढून तरी काय करू ताई? मजुरी बी निघंना," ते म्हणाले.

33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत, असा निकष आहे. आमचं शेत त्यात बसलं. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारनं 31,628 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपये, तीन हेक्टरांपर्यंत. शिवाय रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे हेक्टरी 10,000. म्हणजे बुडालेल्या सोयाबीनचे एकरी 3,400 रुपये. तेवढ्यात मामांचा खर्चसुद्धा भरून येणार नव्हता. आणि यादीत नावं होती ती भावाची आणि माझी.

भावाचं संमतीपत्र जोडून मी सेवा केंद्रात ई-केवायसीला बसले. माझ्याआधीच्या आजोबांची बोटं यंत्र घेईना. केंद्रातला पोरगा ओल्या फडक्यानं ती पुसायचा, पुन्हा टेकवायला लावायचा. पण मातीत राबून रेषाच झिजल्या होत्या. माझा अंगठा मात्र लगेच उमटला. मामा शेजारी उभे होते. त्यांना कुणी बोट टेकवायला सांगितलंच नाही.

पैसे जमा झाले तसे आम्ही बहीणभावानं ते मामांच्या खात्यावर पाठवले. पण हा आमच्या घरातला निर्णय झाला. गावात ठोक्यानं, बटईनं करणारे कितीतरी आहेत. त्यांच्या चुलीचा प्रश्न मालकाच्या मर्जीवर का सोडायचा?

लेखी करार का करत नाही, असं विचारलं की गावात एकच उत्तर मिळतं: कूळ लागेल. मराठवाड्याला आजही 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे. कसणाऱ्याला संरक्षण देण्यासाठी तो कायदा झाला. त्याच्याच धास्तीनं आज मालक कागद करत नाहीत आणि कसणारा कागदाबाहेर राहतो. नीती आयोगानं 2016 मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला. मालकाची मालकी शाबूत राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, आपत्तीची मदत मिळावी, हाच त्याचा हेतू.

मी राहते त्या तेलंगणात मार्च 2023 मध्ये अवकाळी पावसानं पिकं झोपली. तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी एकरी 10,000 रुपये जाहीर करताना कौलानं शेती करणाऱ्यांनाही मदत पोचली पाहिजे, असं सांगितलं होतं. म्हणजे सरकारला हा माणूस दिसू शकतो.

माझी मागणी साधी आहे. पंचनाम्यात मालकाच्या नावाखाली कसणाऱ्याच्या नावाचा एक रकाना असावा. त्याची खातरजमा बांधावरच्या शेजाऱ्यांनी आणि ग्रामपंचायतीनं करावी, आणि त्या नोंदीवरून कूळहक्क लागणार नाही, हे सरकारनं लिहून द्यावं. कुणाचं शेत कोण करतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पीक ज्याचं बुडालं, मदतीवर पहिला हक्क त्याचा.